यल्लव्वाचा रिपोर्ट

"पाळी कधीच आली नाही? एकदाही?" डॉक्टर यशश्रींनी पुन्हा विचारलं.

"न्हाई." जांघेतल्या गाठी दाखवायला आलेल्या बाईला हे कशाला विचारतात, ते यल्लव्वाला कळेना.

चव्वेचाळीस वर्षांची यल्लव्वा यशवंतपूरच्या एका कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. बावीस वर्षांपूर्वी मूल होत नाही म्हणून परसूनं, तिच्या नवऱ्यानं, तिला निपाणीहून इथं भावाच्या दारात आणून सोडलं. त्याआधी उपास झाले, अंगारे झाले, देवऋषीही झाला होता.

डॉक्टर मूळच्या पुण्याच्या, म्हणून या कानडी शहरातही मराठीत बोलत होत्या. तपासण्यांचे रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "मावशी, हा हर्निया नाही. तुम्हाला गर्भाशय जन्मापासूनच नाही. आणि या गाठी म्हणजे पुरुषाच्या शरीरात असतात त्या ग्रंथी आहेत. त्या पुरुषी हार्मोन बनवतात. ते रक्तातून पेशींपर्यंत पोचतं. पेशीत ते ओळखणारा रिसेप्टर असतो. हार्मोन त्याला चिकटलं, तरच पेशीला निरोप कळतो. तुमच्यात तो रिसेप्टरच काम करत नाही. निरोप कुणी घेतलाच नाही, म्हणून शरीर बाईचं घडलं."

यल्लव्वा टेबलाच्या कडेकडं बघत राहिली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"मग मी कोण हो?"

"बाईच. जन्मल्यापासून."

"सासू म्हणायची, पाप हाय माझं."

"पाप नाही. कुणाचीच चूक नाही."

बाहेर बाकावर तिचा भाऊ देवाप्पा बसला होता. तो उठला. "काय म्हणल्या गं?"

"आपरेशन करूया म्हणत्यात." ती बाकावर टेकली. "अण्णा, माझ्या अंगात पिशवीच नव्हती."

देवाप्पानं तिच्याकडं बघितलं, मग खाली. याच बहिणीला नांदवून घ्या म्हणून तो दोनदा निपाणीला जाऊन हात जोडून आला होता.

"परसूला कळवू?"

"कशाला? त्याची पोरं कॉलेजात असतील आता."

उरलेलं तिनं सांगितलं नाही.

बसमध्ये गर्दी होती. देवाप्पा मागं दांड्याला धरून उभा राहिला, ती पुढं बायकांच्यात. कंडक्टरनं तिचं आधार कार्ड पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि बायकांना मिळतं ते फुकटाचं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं.

"अक्का, स्वल्प मुंदे," जरा पुढं सरका, असं कानडीत म्हणत तो पुढच्या बाईकडं वळला.

यल्लव्वा पुढं सरकली. शेजारच्या बाईनं बूड सरकवून तिला जागा करून दिली.