क्रुसापर्यंतचं मौन

एंगेलबर्टच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती, पावलागणिक ओल्या गवतावरून सरपटत होती, आणि मागून चढणाऱ्या ओटिलियाला ते सांगता येत नव्हतं — शिखरावरच्या क्रुसापर्यंत बोलायचं नाही, हा तिचा दर उन्हाळ्यातला नेम, मेरीमाउलीसाठी. नवऱ्याला, एंगेलबर्टला, तो ठाऊक होता, त्याच्या चुलतभावाला, गेबहार्डलाही. म्हणूनच दोघे पुढे मोकळेपणानं बोलत होते... ती जणू नव्हतीच.

"वहिनींचं बरं आहे हं," गेबहार्ड म्हणाला. "आमच्या रोझानं असा नेम धरला तर मी रोज गुडघे टेकीन!"

"रोझा? ती झोपेतही बोलते."

"आणि या बायकांना मताचा हक्क हवा म्हणे! बरं झालं, फेब्रुवारीत आपण सगळे पुरुष एक राहिलो. तू तर माझ्या शेजारीच 'नाही' लिहिलंस, नि वर म्हणालास, चल, आता बिअर—"

"हळू बोल रे."

हळू बोल. खोटं बोलतोस, असं नाही म्हणाला तो.

फेब्रुवारीतला तो रविवार ओटिलियाला आठवला: मी सूप ढवळत होते. बायकांना मताचा हक्क द्यावा की नाही, ते ठरवायला गावातले पुरुष गेले होते, आणि टोपी खुंटीला अडकवता अडकवता तो म्हणाला होता, "तुझ्यासाठी 'हो' लिहून आलो, ओटी." आम्ही हरलो, पण निदान माझ्या घरातला एक तरी... दुसऱ्या दिवशी मी चॅपलमध्ये जाऊन त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. आभाराची. माउली, तू तेव्हा सगळं जाणत होतीस — आणि जळू दिलीस ती?

कड्यापाशी धरून चढायचा लोखंडी दोर आला तसा एंगेलबर्ट वळला, नेहमीसारखा हात पुढे केला. तिनं धरला. न धरून काय करणार, खाली दरी होती. हात उबदार होता, नेहमीचाच, हेच तिला सोसेना.

क्रुसाशी पोचल्यावर पुरुषांनी रिवाजाप्रमाणे हात मिळवले. एंगेलबर्टनं तिच्या गालावर ओठ टेकले आणि पाठपिशवीतून पाव काढला. "बोल आता, ओटी. सुटलीस!"

खाली ऱ्हाईन, द्राक्षमळे, घंटाघरं... सगळा लिश्टेनस्टाईन, त्यांचा चिमुकला देश, एका नजरेत मावत होता.

तिनं तोंड उघडलं. एवढंच विचारायचं होतं — का? पण विचारलं की तो काहीतरी सांगेल, आणि ते खरं की खोटं, हे पुन्हा तिलाच ठरवावं लागेल.

"दमलीस?" त्यानं विचारलं.

ती पावाकडे बघत राहिली. आजवरचं प्रत्येक मौन तिनं माउलीच्या पायाशी ठेवलं होतं. हे आता सुरू झालेलं कुठे ठेवायचं, तिला कळेना.