यादीत नसलेली रेघ

रेघ. नखाएवढी, पांढरी, मोबाइलच्या पडद्यावर दोन ताऱ्यांमधून तिरकी गेलेली – त्याने अंगठ्याने पडदा पुसला, तरी तिथेच. विमान नाही, विमानाचे दिवे लुकलुकतात, रेघ तुटक येते. ही सलग, आणि हौशी मंडळींनी तयार केलेल्या, उपग्रहांच्या यादीत त्या वेळी, त्या जागी काहीच नाही… काल संध्याकाळी गच्चीवरून काढलेला हा फोटो त्याने पोस्टमास्तरांना – म्हणजे निवृत्तीनंतर ती यादी सांभाळणाऱ्या, कधीच प्रत्यक्ष न भेटलेल्या गृहस्थांना – पाठवला होता, आणि तेव्हापासून तो सारखा मोबाइल उघडून बघत होता. कारण मागच्या खेपेला त्याने असाच गाजावाजा करून कळवलेला गुप्त उपग्रह बायकोचा केस निघाला होता. भिंगाला चिकटलेला. 'कक्षा घरातलीच आहे,' असं पोस्टमास्तरांनी सगळ्या गटाला कळवलं, आणि बायको आठवडाभर येईल त्याला सांगत होती की ह्यांनी मला अंतराळात सोडलं. आता पुन्हा तसंच झालं तर मी कॅमेरा माळ्यावर टाकीन, कायमचा, आणि गच्चीला कुलूप…

दवाखान्यातल्या एक्स-रे खोलीच्या काचेवर थाप पडली. पलीकडे छातीचा एक्स-रे काढायला उभे असलेले शिंपीकाका गाल फुगवून, लालबुंद होऊन हातवारे करत होते. 'श्वास रोखून धरा' असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. केव्हा?

"सोडा, सोडा!"

काका भसकन रिकामे झाले. "फोटो काढताय की जीव?"

दुपारी डबा उघडतानाच उत्तर आलं. 'यंदा केस नाही. आणखी दोघांना दिसला. कुणाचा ते कुणीच कबूल करत नाही, म्हणजे मुद्दाम लपवलेला. आज यादीत घालतो. शाब्बास.'

त्याने बायकोला फोन लावला. "खरा निघाला!"

"अगंबाई! म्हणजे त्या लोकांना तो लपवायचा होता?"

"हो ना."

"मग तुम्ही चुगली केलीत की हो!" ती खळखळून हसली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.

ती थट्टेतच म्हणाली होती. पण कुठेतरी माणसं वर्षानुवर्षं खपली असतील, घरीसुद्धा बोलली नसतील – आणि मी, बनियनवर, जुन्या कॅमेऱ्याने… ज्या आनंदाची त्याने रात्रभर वाट पाहिली तो आलाच नाही. आली ती लाज, आणि तिच्या मागोमाग एक विलक्षण हेवा. एवढं मोठं काही लपवून ठेवायचं, आणि रोज कामावर जायचं!

"काय हो, आज चेहरा असा का?" डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं. "काही विशेष?"

पंधरा वर्षांत त्याने सासूबाईंच्या गुडघ्यापासून स्वतःच्या घोरण्यापर्यंत सगळं त्यांना, त्यांनी न विचारता, सांगितलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला.

त्या 'बरं' म्हणून गेल्या. किती सहज जमलं! तो जरासा घाबरला, जरासा सुखावला – आणि आणखी काय काय न सांगता ठेवता येईल ते आठवू लागला, पण एवढ्या आयुष्यात एकही गोष्ट सापडेना…