पिंपाचा तळ

"हात लावशील तर याद राख, फुल्बेर! माझ्या नवऱ्याने जन्मभर रमशिवाय दुसरं काही तोंडाला लावलं नाही. आत्ता कुठे मेल्यावर दोन घोट पाणी मिळतंय, तर तेही तू ओतून टाकणार?"

आजूबाजूच्या थडग्यांना चुना लावणारे सगळे खो खो हसले. फुल्बेरही हसला. ओर्तांसबाईंची ही थट्टा तो दर वर्षी ऐकत होता, आणि दर वर्षी हसत होता. त्याने वाकून फुलदाणी उचलली, उन्हाकडे धरली आणि बाईंच्या नाकासमोर नेली. पाण्यात शेवयांच्या चुऱ्यासारख्या अळ्या वरखाली वळवळत होत्या.

"बघा तरी. एकटा नाही पडलाय तो. केवढा गोतावळा जमवलाय!"

"शी, शी, शी! ओत मेल्या, ओत लवकर!"

त्याने पाणी तापलेल्या फरशीवर ओतलं, फुलदाणी हाताने आतून खसखसून पुसली, ओल्या वाळूने भरली आणि बाईंची लिलीची फुलं तिच्यात रोवून दिली. "वाळू ओली ठेवा. फुलं टवटवीत राहतील आणि डासांची सोयही होणार नाही," असं तो म्हणाला आणि पुढच्या थडग्याकडे वळला.

उद्या मृतांचा सण. ग्वादलुप बेटावर या सणाला जिवंत माणसाच्या घराला रंग लागला नाही तरी चालेल, पण मेलेल्याच्या घराला लागलाच पाहिजे. सगळं गाव बादल्या, कुंचले, केरसुण्या घेऊन दफनभूमीत येतं, काळ्या-पांढऱ्या फरश्या घासतं, भांडतं, खातं-पितं, आणि उद्या संध्याकाळी मेणबत्त्या लावतं. प्रत्येक थडग्यावर फुलं आली, फुलं आली की पाणी आलं, आणि पाणी आलं की पंधरवड्याने गावात ताप आला. म्हणून डास खात्याची माणसं सणाच्या आधी वाळूची पोती घेऊन येत. फुल्बेर त्या खात्यात होता. गावातली पोरं त्याला डासमामा म्हणत.

"समोरची रांग मी करतो," मारियुस म्हणाला. हा त्याचा जोडीदार. इतक्या वर्षांत त्याने कामाची रांग आपणहून कधी मागितली नव्हती. "तू इथेच थांब. ओर्तांसबाईंना गप्पा मारायला कोणीतरी हवंच."

समोरच्या रांगेत योलेन होती. फुल्बेरची बायको.

"नको," फुल्बेर म्हणाला. "माझं मी करतो."

"तिथे म्हातारी बसलीये रे. सकाळपासून."

"दिसलीये मला."

मारियुसने वाळूचं पोतं त्याच्या खांद्यावर दिलं.

म्हातारी म्हणजे सिदोनीबाई, योलेनची आई. लग्न झाल्यापासून फुल्बेर आणि योलेन तिच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले. अंगण एक, चूल एक आणि पाण्याचं पिंपही एकच. नळाला पाणी कधी एक दिवसाआड येई, कधी तेवढंही येत नसे. म्हणून बेटावर दाराशी निळं पिंप नाही असं घर सापडणार नाही. मागच्या पावसाळ्यात योलेन गेली आणि त्या दिवसापासून सिदोनीबाई जावयाशी एक अक्षर बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. फुल्बेरने दोन महिने काढले, मग कपडे उचलले आणि मारियुसच्या घरामागच्या खोलीत जाऊन राहिला. म्हातारीचा राग त्याला पटत होता. तिला सगळं कळलंय, असंच तो धरून चालला होता.

काय कळलंय, तर हे.

फुल्बेर तरुण असताना बेटावर तापाची मोठी साथ आली होती. तेव्हा तो दारोदार फिरून पिंपात औषध टाकायचा. वाळूसारखं दाणेदार औषध, कापडाच्या पुरचुंडीत बांधून पिंपात सोडायचं. ताप हटला आणि फुल्बेरची छाती जी फुगली ती फुगलीच. पुरचुंड्या शिवायची योलेन. जुने झगे, पडदे, उशांचे अभ्रे कापून संध्याकाळी ओट्यावर बसायची. "अर्ध्या गावाच्या पिंपांत माझे झगे पोहतायत, आणि मला म्हणे सणाला नवा झगा नको!" असं म्हणून हसायची.

पण स्वतःच्या घरचं पिंप मात्र ती दर शनिवारी रिकामं करायची, आडवं पाडायची, कमरेपर्यंत आत शिरायची आणि नारळाच्या सोडणाने घासायची. आत गाणी म्हणायची. पिंपात आवाज घुमतो म्हणून मुद्दाम मोठ्याने. डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, घासावीच लागतात, हे तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. पण वय झालं, बोटांची सालं निघायला लागली, पाठ धरायला लागली. एका नाताळात तिची सोललेली बोटं बघून फुल्बेर कळवळला.

"कशाला हाडं झिजवतेस? औषध आहे ना आत?"

"असू दे. सवय झालीये."

"माझ्यावर भरवसा नाही?"

तिने त्याच्याकडे बघितलं, हसली आणि सोडण फेकून दिलं. तेव्हापासून पिंप घासणं बंद झालं.

पुढे ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत, खात्याच्या प्रयोगशाळेतल्या पोरीने त्याला आत बोलावलं. त्यानेच गावातून गोळा करून आणलेल्या अळ्या एका काचेच्या पेल्यात होत्या आणि पेल्यात आदल्या दिवशी औषध घातलेलं होतं. "काका, काचेवर टकटक करून बघा," ती म्हणाली. त्याने नखाने टकटक केली. मेलेल्या अळ्या हलत नाहीत. या सगळ्या दचकल्या आणि वळवळत तळाशी गेल्या. "इतकी वर्षं तेच औषध खाऊन यांना ते पचायला लागलंय. नवीन येईपर्यंत लोकांना पिंपं घासायला सांगा," पोरगी म्हणाली. पोरीचं म्हणणं बरोबर होतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्याला एवढंच म्हणायचं होतं, की योलेन, शनिवारपासून पिंप घासायला घे. नाहीतर, मी घासतो. बस्स. पण ते म्हणायचं म्हणजे सगळा जन्म ज्याच्यावर काढला ते औषध आता नुसती वाळू झालंय, असं स्वतःच्या तोंडाने बायकोला सांगायचं. जीभ उचलली नाही. आज सांगू, उद्या सांगू, नवीन औषध आलं की सांगायची गरजच पडणार नाही, असं करत पावसाळा आला.

योलेनला ताप आला. हाडं फोडणारा ताप. मग एका सकाळी तो उतरला. ती उठली, कोनफळ सोलायला बसली, "मेली नाही रे मी, तोंड कशाला पाडलंयस?" म्हणून त्याला हसली. तो आनंदाने कामावर गेला. हा ताप उतरतो तेव्हाच खरा दगा देतो, हे त्याने शंभर घरांत जाऊन सांगितलं होतं. पण आपल्या घरात माणूस हसलं की कोणाला ते आठवतं? दुपारी तिचं पोट दुखायला लागलं, हिरड्यांतून रक्त आलं, आणि दवाखान्यातून ती परत आली नाही.

योलेनचं थडगं फरशीचं नव्हतं. जुन्या चालीचा वाळूचा उंचवटा आणि भोवती मोठे गुलाबी शंख मांडलेले. सिदोनीबाई जमिनीवर फतकल मारून एकेका शंखाला चुना लावत होती. फुल्बेर आला तशी तिने मान वर केली नाही. त्याने पोतं उतरवलं, तोंड वर असलेले दोन शंख पालथे केले, कारण शंखातही पाणी साठतं, आणि फुलदाणी उचलली.

उजेडाकडे धरायची गरज नव्हती. अळ्या वरूनच दिसत होत्या. योलेनच्या थडग्यावर, योलेनच्या फुलांखाली, त्याच त्या. थोडं पाणी फुल्बेरच्या बुटावर सांडलं.

"इथेपण?" सिदोनीबाई म्हणाली.

वर्षभराने ऐकलेला तिचा आवाज त्याला ओळखू आला नाही.

"इथेपण आल्या, मेल्या? पोरीला खाऊन पोट भरलं नाही त्यांचं?" तिने कुंचला टाकला, चुन्याने माखलेला हात कमरेच्या खिशात घातला आणि काहीतरी त्याच्यासमोर धरलं. "हे घे. वर्षभर उशाखाली ठेवलंय. आता नाही ठेववत."

निळ्या फुलांच्या कापडाची पुरचुंडी होती. सुकून कडक झालेली. टाके योलेनचे. ते त्याने अंधारातही ओळखले असते.

"आपल्या पिंपातली आहे," म्हातारी म्हणाली. "मी काढायचे ती. कॉफीला वास मारायचा रे. तू कामावर गेलास की काढायचे आणि तू यायच्या आत परत सोडायचे. सगळ्याच बायका असं करतात. ओर्तांसलाच विचार. कधी सोडायचे, कधी विसरायचे. पोर आजारी पडली त्या महिन्यात तर मी... मला आठवतच नाही रे, फुल्बेर, की ती आत होती का नव्हती. रोज रात्री आठवायला बसते."

"आई..."

"मला बोलू दे. तुझ्याशी बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर पडलं असतं. तू चांगला माणूस. तू औषध आणून दिलंस आणि मी चांडाळणीने कॉफीसाठी ते काढून ठेवलं. मीच मारली माझी पोर."

खोटं कशाला सांगा, क्षणभर फुल्बेरच्या छातीवरचा धोंडा उतरला. पुरचुंडी आत नव्हतीच! म्हणजे औषधाने दगा दिला नाही, त्याच्या गप्प बसण्याने काही झालं नाही, तो निर्दोष होता. नुसतं गप्प राहिलं की झालं. गप्प राहणं त्याला जमतही होतं.

पण समोर म्हातारीचे हात होते, मनगटापर्यंत पांढरे, मांडीवर उताणे पडलेले. आणखी किती दिवस जगणार होती ती? आणि रोज रात्री आठवायला बसणार होती.

तो तिच्याशेजारी वाळूत बसला.

"आई, पुरचुंडी आत असती तरी तिचा काही उपयोग झाला नसता."

"माझं मन राखायला काहीतरी सांगू नकोस."

"मन नाही राखत. औषधात दम राहिला नाही. अळ्यांना ते पचतं. मी डोळ्यांनी बघितलंय. टकटक केली तर पोहायला लागल्या. तुम्ही पुरचुंडी काढली काय अन् ठेवली काय, सारखंच होतं. तुमच्यामुळे नाही गेली ती."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं.

"कधी बघितलंस?"

इथे खोटं बोलता आलं असतं. मागच्या सणाला बघितलं, मागच्या महिन्यात बघितलं, काहीही.

"ईस्टरच्या आधी."

"म्हणजे तिला ताप यायच्या आधी."

"हो."

"आणि पिंप घासू नकोस म्हणून तिला तूच सांगितलं होतंस."

"मीच."

"मग परत घास म्हणून का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली," फुल्बेर म्हणाला. "ती माझं ऐकायची ना, आई. तिला माझ्यावर भरवसा होता. लाज वाटली मला."

पलीकडे ओर्तांसबाई कोणाला तरी हसवत होत्या. सिदोनीबाईने कुंचला उचलला, बादलीत बुडवला आणि अर्धवट राहिलेला शंख पूर्ण रंगवला. मग शेजारचा रंगवला. फुल्बेर वाट बघत होता. तिने थोबाडीत मारली असती, थुंकली असती, तर त्याने तोंड पुढे केलं असतं. तिने काहीच केलं नाही. शंख संपले तेव्हा ती म्हणाली, "वाळू घाल."

त्याने फुलदाणी रिकामी केली, पुसली, वाळू भरली. अर्धी वाळू बाहेरच सांडली. म्हातारीने फुलदाणी त्याच्या हातातून काढून घेतली आणि फुलं स्वतः लावली.

"मेणबत्त्या उद्या," ती गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "आता घरी चल. संध्याकाळी पाणी येणार आहे. मला ते पिंप एकटीने पाडवत नाही."

तो तिची बादली घेऊन मागोमाग चालायला लागला.

अंगणात तेच निळं पिंप होतं. झाकणावर नीरफणसाची पानं पडलेली. उरलेलं पाणी त्याने तुरीच्या झाडांना घातलं आणि पिंप आडवं केलं. सिदोनीबाईने माळ्यावरून सोडण आणून दिलं. त्याने सदरा काढला, गुडघे टेकले आणि कमरेपर्यंत आत शिरला.

आत ओलसर, निळसर अंधार होता. त्याने कडा घासल्या. पहिला हुंदका आला तो केवढ्याने तरी घुमला. त्याने दात आवळले, पण दुसरा त्याहून मोठा आला, आणि मग ते थांबेचना. इथे ती गायची. घासता घासता फुल्बेर रडत होता आणि सगळ्या अंगणाला ते ऐकू जात होतं.

सिदोनीबाई बाहेर झाकण पोटाशी धरून उभी होती. शेजारणीने कुंपणावरून डोकावलं, तशी तिने हातानेच तिला हाकललं. आतला आवाज हळूहळू कमी होत गेला. मग नुसतं घासणं ऐकू यायला लागलं आणि शेवटी तेही थांबलं.

तेव्हा तिने पिंपावर बोटांनी टकटक केली.

"तळ नीट घास," ती म्हणाली. "ती तळ दोनदा घासायची."

आत थोडा वेळ काहीच हललं नाही. मग फुल्बेरने सोडण पुन्हा हातात घेतलं आणि तो तळ दुसऱ्यांदा घासायला लागला.