कपाळाचं मीठ

मी बॉयलरच्या नळीचा तुकडा बोलतोय. आहे बोटाएवढाच, पण माझ्यापायी एका सरळ माणसाची रोजी गेली. ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

वडशाच्या एका राइस मिलमध्ये धान उकडायला आम्ही नळ्यांनी नऊ वर्षं वाफ दिली. बॉयलरचं पाणी वारलूभाऊ सांभाळायचे. पाणी मऊ करायच्या टाकीत मिठाचं पाणी सोडायचं, मग टाकी खळखळून धुवायची, नाहीतर उरलेलं मीठ बॉयलरमध्ये जाऊन नळ्या खातं. मे महिन्यात आमची नळी फुटली. कारण शोधायला मालकांनी दिव्यानीला बोलावलं. गावचीच पोर, आता मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिने मला कापून घेतलं आणि पाकिटात घालण्याआधी, नव्या कामाची वस्तू लावतात तसं, कपाळाला लावलं. कपाळ घामाने निथळत होतं. मी मात्र मान मिळाला म्हणून फुगलो!

प्रयोगशाळेत माझ्यावर मृदू क्ष-किरण सोडले. हे किरण खोल शिरत नाहीत, वरची साय तेवढी वाचतात. पूर्वी एका तुकड्याला अख्खा दिवस लागायचा. नव्या पद्धतीने दहा मिनिटांत सांगितलं, मीठ आहे. दिव्यानीने तितक्याच घाईने मालकांना कळवलं. टाकी नीट धुतली नाही, असं ठरवून त्यांनी वारलूभाऊंना घरी बसवलं. मला सगळं ठाऊक होतं, पण लोखंडाला तोंड कुठलं?

आठवड्याने भाऊंच्या घरून त्यांच्या बायकोचा, रुखमाबाईंचा, फोन आला.

"पोरी, यायनं टाकी रोज धुतली. तू काऊन असं लिहिलं?"

दिव्यानी ऐकत होती. घाम पुसायला तिचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला. मला याच कपाळाला लावलं होतं, हे तिला आठवलं.

त्याच नळीचा दुसरा तुकडा तिने मागवला, हातमोजे घालून यंत्रात ठेवला. दहाच मिनिटं. नुसता जुना गंज, मिठाचा मागमूस नाही.

मालकांना तिने खरं कळवलं, आणि मला घेऊन वारलूभाऊंच्या अंगणात आली.

"भाऊ, मीठ माह्या घामाचं होतं. माही चूक आहे. मालक उद्यापासून बोलवून राह्यले तुम्हाले."

लोकहो, निकाल दहा मिनिटांत येऊ द्या, पण माणसावर बोट ठेवायला जरा वेळ घ्या. दिव्यानीला ते उशिरा कळलं.

भाऊंनी माझ्याकडे हात पुढे केला, आणि मध्येच आखडला.

"आता हात लावू का याले?" त्यांनी विचारलं.