आखणीपुरती शांतता

“बंद करा ते धूड!”

मी कुंचला वाटीवर आडवा ठेवला. समोरच्या गणपतीच्या डाव्या डोळ्यातली बाहुली पापणीबाहेर गेली होती. मागच्या पडवीत पेट्रोलचा जनरेटर धडधडत होता आणि त्याची थरथर फरशीतून माझ्या पाटापर्यंत पोहोचत होती.

पेणच्या आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सासूबाईंनंतर फक्त मीच करीत आले. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या श्रावणात रोज दुपारी वीज जाई, म्हणून हे यंत्र घेतले होते. चतुर्थी जवळ आली होती आणि रांगेतल्या मूर्ती डोळ्यांसाठी खोळंबल्या होत्या.

“बंद केला तं अंधारात डोले काढशील काय गो वैनी?” रंगकाम करणारा पुंडलिक म्हणाला.

“तुझं तोंड आवर आणि त्याचं बांध.”

बांधायचे कसे, हे त्याला एकाच रीतीने ठाऊक. मूर्तीला लिंपावी तशी त्याने यंत्राभोवती शाडूची जाड माती लिंपली. घटकाभर आवाज खरोखरच दबला. मग माती तडकली आणि यंत्र तापून, धापा टाकीत बंद पडले. सारा कारखाना हसला. मीही हसले, तेवढी सवलत मी हंगामात एकदा देते.

संध्याकाळी माझा मुलगा निकेश धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली शिफ्ट संपवून आला. तिथल्या कंपनीत तो फिटर.

“पुंडलिककाका, त्याला हवा लागते. कोंडलात तं मरंल नाय काय?”

दोन संध्याकाळी तो खपला. रोह्याच्या भंगारातून मोटारीचा सायलेन्सर आणून जोडला, धुराची नळी परसात दूर नेली, यंत्राखाली टायरचे जाड तुकडे घातले. कारखान्याच्या अंगाला विटांचा आडोसा रचला. उरलेल्या बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी निकेशला सुट्टी होती. दुपारी वीज गेली, जनरेटरवर ट्यूबलाइट लागल्या आणि पुंडलिकाने भिंतीला कान लावला. “चालू हाय ना रं? का झोपला?”

माझ्या मुलाचे काम होते. त्यात खोट सापडली नाही, आणि मी ती शोधली होती.

मी कुंचला उचलला. फरशी स्थिर, पाट स्थिर, मूर्ती स्थिर. कुंचल्याचे टोक मात्र हलत होते.

निकेशच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

“आई, अजून जरा आवाज येतोय. मी उद्या परत बघतो.”

“काही येत नाही. काम चोख झालं आहे. स्वतःच्या कामाला उगाच नावं ठेवू नकोस.” मी वळले. “नम्रता, हात धुऊन इथं बस.”

नम्रता माझी सून. आजवर ती मूर्तींचे दागिने रंगवी.

“मी? नाय हो आई. तुमच्यासमोर माझा हात नाय चालायचा.”

“माझ्यासमोरच चालवायचा आहे.”

मी पाटावरून उठले. उठताना कोणाचा आधार घेतला नाही. नम्रता बसली. तिने श्वास रोखून डावा डोळा आखला, मग उजवा.

“उजवा खाली गेला. पूस.”

तिने ओल्या फडक्याने तो पुसला आणि पुन्हा आखला.

या वेळी मूर्तीने थेट माझ्याकडे पाहिले.