दोन गोळ्यांमधले चोवीस तास

शाळेचं नाटक साडेचारला होतं आणि तीन वाजून गेले तरी अन्वीच्या एकाच पायात मोजा होता. तिला नाटकात न्यायाधीश व्हायचं होतं. पहिल्यांदाच तिला सलग बारा वाक्यं मिळाली होती, तीही जर्मनमध्ये. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून जर्मनीत इंगोलश्टाटला आली तेव्हा ही मुलगी बेकरीत नुसतं बोट दाखवून पाव घ्यायची, आणि आता थेट न्यायाधीश.

पण आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. आईचं डोकं दुपारी बारालाच धरलं होतं. मायग्रेनपायी आईने अन्वीचे आधीचे तीन कार्यक्रम चुकवले होते. या खेपेला मात्र येणारच, असं तिने ठणकावून सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी नवी गोळीसुद्धा लिहून दिली होती.

"दे गं ती नवी," उशीत तोंड खुपसूनच आई म्हणाली. "निदान शेवट तरी बघीन."

अन्वीने पाणी आणलं, गोळी काढून हातावर घेतली, आणि सहज विचारलं, आधी काही घेतलंस का?

"घेतली की एक वाजता. मावशीची."

खालच्या मजल्यावरच्या सुलेखामावशी दर उन्हाळ्यात पुण्याहून चिवड्याबरोबर डोकेदुखीच्या गोळ्यांच्या पट्ट्याही आणायच्या आणि ओळखीच्या प्रत्येक घरात वाटायच्या. आईची पट्टी बिस्किटांच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी असायची. अन्वीला डॉक्टरांची खोली आठवली. डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून तीच तर गेली होती. दुसरं कुठलं औषध घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, नाही म्हणून सांग. आणि अन्वीने खुशाल सांगून टाकलं होतं.

"ते काय औषध आहे का?" आई आता म्हणाली. "घरातलंच आहे. आणि दोन्ही डोक्याच्याच आहेत, एकमेकींना मदतच करतील."

अन्वीने डब्यातून मावशीची पट्टी काढली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. अर्गोटामिन. मग नव्या गोळीच्या खोक्यातला घडीघडीचा कागद उलगडला. कशासोबत घेऊ नये, त्या यादीत तेच नाव होतं. तिने हातातली गोळी टेबलावर ठेवली आणि औषधांच्या दुकानात, अपोथेकेत, फोन लावला. जर्मनमध्ये फोन करायचा म्हटलं की ती नेहमी बाबांच्या मागे लपायची. आज बाबा कारखान्यात होते आणि लपायला वेळही नव्हता.

तिकडच्या बाईंनी शांतपणे एकेक विचारलं. कुठली गोळी, किती वाजता, छातीत आवळल्यासारखं होतंय का, बोटं बधिर पडलीत का. अन्वी विचारायची, आई नाही म्हणायची. मग त्यांनी समजावलं की दोन्ही औषधं रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून मध्ये निदान चोवीस तास जायला हवेत. आज नवी गोळी नाही आणि मनानं दुसरं काहीही नाही. तसला त्रास झालाच तर लगेच रुग्णवाहिकेसाठी ११२ला फोन. डॉक्टरांनाही हे कळवायचं. शेवटी त्या म्हणाल्या, आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

अन्वीने फोन ठेवला आणि टेबलावरची गोळी परत खोक्यात घातली.

"उद्या एकपर्यंत नाही, आई."

"म्हणजे तुझं नाटक..."

"परत असेल," अन्वी म्हणाली आणि दुसरा मोजा शोधायला वळली. पाठ वळवली तेवढ्यात तिने डोळे पुसून घेतले.

सुलेखामावशी सोबतीला वर आल्या. मी बारा वर्षं हीच खातेय, असं म्हणता म्हणता त्यांनी तो कागद पाहिला आणि आईच्या कपाळावर गार फडकं ठेवलं.

सातला अन्वी परतली तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता आणि आई स्वयंपाकघरात बसून मऊ भात खात होती. डोकं उतरलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने आजच्या चौकोनात लिहिलं होतं, बाराला दुखलं, एकला मावशीची गोळी. मावशी उरलेली पट्टी घेऊन गेल्या होत्या. सोमवारी स्वतःच्या पट्ट्यांसकट अपोथेकेत दाखवणार होत्या.

अन्वी आईला घट्ट बिलगली.

"पुरे," आई म्हणाली. "आता बाराच्या बारा वाक्यं म्हण. पण हळू."

अन्वीने भाताचा डाव हातोड्यासारखा धरला, ताठ उभी राहिली, आणि आरोपीला अगदी कुजबुजत शिक्षा सुनावली.