हवेचा डबा आणि रत्नदीपचा छंद

मित्रांनो, मला नाक नाही, छाती नाही, तरी जन्मभर मी दुसऱ्यांसाठी श्वास ओढण्याचेच काम केले. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारा डबा मी, आता बराच जुना. उंची गुडघ्याएवढी, खाली चार चाके, पोटात पंप. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला प्राणवायू निवडायचा आणि नळीतून माणसाच्या नाकाशी नेऊन सोडायचा, एवढेच मला येते. हे करताना मी घरघरतो आणि मधूनमधून दमल्यासारखा सुस्कारा टाकतो. माझ्या माहितीपत्रकात 'आवाज अत्यल्प' असे छापले आहे. ते लिहिणारा माझ्याशेजारी कधी झोपला नसावा.

कारखान्यातून निघालो तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत थेट मुरबाडला पोहोचलो. एका मंगल कार्यालयात रोग्यांच्या खाटा मांडल्या होत्या. मला हार घातला, कुंकू लावले, आणि दात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढले. फोटो मनासारखा येईपर्यंत मी खोक्यातच होतो. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी माझी वाट पाहत होती. पुढे मी रात्रंदिवस चाललो. लोक मला देव म्हणाले. लाट ओसरली, कार्यालयात पुन्हा लग्ने लागू लागली, आणि देवाला जिन्याखाली खुर्च्यांच्या चळतीमागे ढकलण्यात आले. तिथे उंदरांनी माझी नळी चाखून पाहिली. त्यांना ती आवडली.

तिथून मला सोडवले ते आटगावजवळच्या एका वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मंडळाने. नवी नळी बसवून त्यांनी मला बुधाजींच्या घरी पोहोचवले. बुधाजींनी उमेदीची वर्षे मुरबाडकडच्या खडी मशीनवर काढली होती. दगड फुटून रस्त्याला गेला, धूळ बुधाजींच्या छातीत राहिली. नळी काढून मोरीपर्यंत जाऊन यावे, त्याहून जास्त वेळ काढू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यांची बायको येसूबाई शाळेत खिचडी शिजवायची. मुलगा रत्नदीप बी.कॉम. होऊन गोदामात रात्रपाळीला रोजंदारीवर खोकी मोजायचा. या घरात माझी फार बडदास्त होती. येसूबाई माझी जाळी धुवायची, रत्नदीप चाकांत अडकलेले केस काढायचा. बुधाजी मला 'पाहुणा' म्हणायचे.

"पावना बरा हाय," ते म्हणायचे. "खात नाय, पीत नाय, निस्ता घोरतो."

एका औषध कंपनीच्या गोदामात सुपरवायझरची जागा निघाली. कायम नोकरी, आणि तिच्यासोबत दवाखान्याचे कार्ड. त्या कार्डावर आईबापाचाही इलाज होणार होता, मोठ्या इस्पितळात, छातीच्या डॉक्टरकडे. रत्नदीपचा मित्र सुयोग शहापुरात संगणकाचे दुकान चालवायचा. अर्ज त्यानेच भरला. छंदाच्या रकान्यापाशी त्याने विचारले, "छंद काय लिहू?"

"कॅरम," रत्नदीप म्हणाला.

"कॅरम लिवलास तर रिकामटेकडा वाटशील. वाचन लिवलं तर पुस्तक विचारतील. योग टाकतो. योगावर उलटं कोण विचारत नाय रे."

सुयोगने आजवर भरलेल्या प्रत्येक अर्जातला माणूस योग करत असे. आमच्या तालुक्याइतका लवचिक तालुका कागदावर तरी दुसरा नसेल.

पण मुलाखतीचा निरोप आला तेव्हा सुयोगच घाबरला. "मोबाईलवर घेणारेत, समोरासमोर दिसेल सगळं. योग जरा शिकून घे. आजकाल करून दाखवायला लावतात."

मग घरात योग सुरू झाला. रत्नदीप फोनवर बघून शिकायचा. बुधाजींच्या खाटेशेजारी चटई टाकून तो एक नाकपुडी दाबायचा, दुसरीने श्वास घ्यायचा, आणि चुकीचीच नाकपुडी सोडायचा. खाटेवरून बाप बघायचा. एकाच्या नाकाला नळी, दुसऱ्याच्या नाकावर अंगठा, आणि मधे मी. इतकी वर्षे श्वासाच्या धंद्यात आहे, पण तो कोणी हौसेने घेतो हे मी प्रथमच पाहत होतो.

"श्वास घ्यायचा हा तुजा छंद," बुधाजी म्हणाले. "माजी तर ड्युटीच हाय."

"आबा, हसवू नका ना. मोडतंय माजं."

"भिंतीवर बग. भगवान कवापासून बसलेत. तेंनी कुनाला मुलाखत दिली?"

"तेंना कार्ड नको होतं," येसूबाई चुलीजवळून म्हणाली.

चेष्टा संपली की बुधाजी परीक्षक व्हायचे. दम राखून, एकेका शब्दावर थांबत प्रश्न टाकायचे. "योगानं... काय फायदा?"

"मन शांत राहतं. कामावर लक्ष केंद्रित होतं. दीर्घ श्वसनानं फुप्फुसं सक्षम होतात."

"परत बोल. फुप्फुसं बोलताना... माज्याकडं बगू नको."

अडचण वेगळीच निघाली. आमच्या घरात फोनला नेटवर्क मिळायचे ते एकाच ठिकाणी, बुधाजींच्या खाटेजवळच्या खिडकीत. बाहेर आंब्याखालीही मिळायचे, पण तिथे कोंबड्या, आणि कंपनीला मागे कोरी भिंत हवी होती. सुयोगच्या दुकानात जावे तर बुधाजींना एकटे कसे ठेवायचे? येसूबाई शाळेची चूल सोडून लवकर येऊ शकत नव्हती. म्हणून सुयोगने एक दिवस फोनवरून खोटी मुलाखत घेऊन पाहिली.

"मागं कोण घोरतंय रे?" तो म्हणाला. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकले. "घर्र घर्र येतंय नुसतं. तुझं अर्धं बोलणं कळत नाय."

"आबांची मशीन हाय."

"मग कठीण हाय. गेल्या वेळी एकाच्या मागं मिक्सर चालू होता, त्याला दोन मिनिटांत सोडलं."

रत्नदीपने फोन ठेवला. माझ्यावर गोधडी टाकून पाहिली, मी तापलो. मला दाराबाहेर नेऊन पाहिले, नळी पुरेना. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ऐकू येतंय तर येऊ दे." बुधाजी माझ्या बटणाकडे बघत राहिले. हे घरात फक्त मला जाणवले असावे, आणि माझ्या जाणवण्याचा कोणाला काय उपयोग.

मुलाखतीच्या दिवशी येसूबाई शाळेत गेली. रत्नदीपने इस्त्रीचा शर्ट घातला, फोन माझ्याच बोर्डावर चार्जिंगला लावून खिडकीत टेकवला, मागची कोरी भिंतच दिसेल, खाट दिसणार नाही, अशा बेताने बापाकडे पाठ करून बसला आणि दोन्ही कानांत इअरफोन घातले. समोरची माणसे काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. रत्नदीप "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाला, तेवढे ऐकले. त्याच वेळी बुधाजींचा हात खाटेवरून खाली आला.

मित्रांनो, वीज गेली तर मी शिट्टी घालतो. नळी मुडपली तरी घालतो. पण माणसाने स्वतः माझे बटण बंद केले, तर मला ते त्याचे म्हणणे वाटते. मी मुकाट थांबतो. मला तसेच बनवले आहे.

मी थांबलो. खोलीत इतकी शांतता मी आल्यापासून कधी झाली नव्हती.

"येस मॅडम, योग माझा छंद आहे," रत्नदीप म्हणाला. आवाज स्वच्छ जात असणार, कारण त्याची पाठ हळूहळू सैल झाली. "मन शांत राहतं." बुधाजींना खोकला आला. त्यांनी टॉवेलचे टोक तोंडात कोंबले. छातीचा भाता हलत होता, आत काही जात नव्हते. "दीर्घ श्वसनानं फुप्फुसं सक्षम होतात, सर." ओठ निळे झाले. एकदा त्यांचा हात माझ्या बटणापर्यंत आला, तिथे थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"कुंभक? हो मॅडम, येतो. करून दाखवतो."

रत्नदीपने छाती भरून श्वास घेतला आणि रोखून धरला. ताठ बसला होता, शहाण्या मुलासारखा. त्याच्या मागे त्याचा बापही तेच करत होता. मुलाने श्वास सोडला तेव्हा समोरचे कोणीतरी खूश झाले असावे, कारण तो लाजून हसला.

येसूबाई घरात आली तेव्हा तो "थँक यू सर" म्हणत होता. तिने खाटेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. माझे बटण तिनेच दाबले. मी जीव तोडून चाललो. पण नाकाशी हवा नेऊन सोडणे एवढेच माझे काम. ती आत घेणे ज्याचे त्याने करायचे असते.

संध्याकाळी अंगण माणसांनी भरले. गर्दी जरा पांगल्यावर रत्नदीपने आईला विचारले, "आई, असं कसं झालं गो?"

येसूबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लाईट गेलती, बाला. माज्या देखत आली."

रत्नदीपचा फोन सकाळभर माझ्याच बोर्डावर चार्ज होत होता. मुलाखत चालू असताना त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. त्याने मान खाली घातली.

"हां," तो म्हणाला. "गेलती."

त्याला नोकरी लागली. कार्डही आले, त्यावर आईचे नाव आहे. योगाबद्दल त्याला पुन्हा कोणी विचारले नाही.

मी आता वस्तीतल्याच दुसऱ्या घरी आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांची जाळी धूत जा, नळी तपासत जा, आम्हाला जिन्याखाली टाकू नका. आणि घरातले आजारी माणूस तुमच्या कामाच्या वेळी अगदी शांत पडून राहिले, तर त्याला समजूतदार म्हणण्याआधी एकदा मागे वळून त्याचा चेहरा पाहा.